मदत हवी आहे: अंदमानात आई-आप्पांसाठी बोटीची कोणती सहल निवडावी?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. जानेवारीत आई-आप्पांना घेऊन अंदमानला जातोय. सेल्युलर जेल तर बघायचंच, आप्पांची फार वर्षांची इच्छा आहे. त्याशिवाय एक अख्खा दिवस बोटीतून निवांत बेटं बघावीत, असं मनात आहे.

वंडूरहून जॉली बॉय बेटावर जावं असं वाटतंय. पण तिथे धक्का नाही, मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत उतरावं लागतं असं वाचलं. आईचे गुडघे दुखतात, आणि आंबा घाटातसुद्धा तिला मळमळतं. हात धरून उतरवणारं कुणी असतं का? की रॉस बेट (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) आणि नॉर्थ बे हेच बरं? रॉसवर धक्का आहे, पण चढ किती आहे? आईला प्रवाळ दाखवायचेच आहेत, त्यामुळे नुसतं रॉस करून परतणं जिवावर येतंय.

जॉली बॉयला प्लास्टिक चालत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यात नेली तर चालेल ना?

वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. तिकिटं लवकरच काढायची आहेत.