मदत हवी आहे: स्टेल्थ युद्धनौकेचं मॉडेल टॉर्चच्या उजेडात चमकतंय

मंडळी, नमस्कार. बडोद्याहून लिहिते आहे.

लेक नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं स्वीडनची व्हिस्बी वर्गाची कॉर्व्हेट निवडली आहे, म्हणजे रडारला सहज न सापडणारी (स्टेल्थ) छोटी युद्धनौका. ७३ मीटर लांब, सगळ्या बाजू कलत्या, कार्बन फायबरची बांधणी, आणि ५७ मिलिमीटर तोफेची नळीसुद्धा काम नसताना बुरुजात दुमडून ठेवलेली. फोटो पाहिला तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचत नाहीये.

तिचा प्रयोग असा: खोलीत अंधार करायचा. टॉर्च म्हणजे रडार, टॉर्चला अगदी लागून धरलेला डोळा म्हणजे रडारचा अँटेना. कार्डशीटच्या दोन नौका, दोन्हींवर चांदीसारखा फॉइल. एक खोक्यासारखी सरळ भिंतींची, दुसरी व्हिस्बीसारखी कलती. समुद्र म्हणून खाली आरसा.

सरळ नौका आडवी ठेवली की लख्ख चमकते, ते बरोबरच आहे. पण कलती नौकाही दोन ठिकाणी चमकते. डेकवर काडेपेटीएवढा ठोकळा आहे, त्याला चिकटून चौकोनी मास्ट (डोलकाठी) उभा केलाय. त्या कोपऱ्यातून उजेड येतो, टॉर्च थोडा इकडेतिकडे हलवला तरी येतच राहतो. दुसरी जागा आरशालगतची. तिथे डिंक लावायला बोटभर पट्टी सरळ उभी सोडली होती. शिवाय अख्ख्या नौकेवर बारीक चकाकी आहे ती वेगळीच.

हे कसं घालवायचं? आणि परीक्षक विचारतीलच, की किनाऱ्याजवळ लढायला एवढं लपायचं कशाला? बाई म्हणतात सोबत एक भारतीय नौका हवी. कोणती घ्यावी?

प्रतिसाद १

ताई, प्रयोग उत्तम आहे, दोन्ही चमकणाऱ्या जागा अजिबात लपवू नका. तोच तर खरा धडा आहे.

डेक, ठोकळ्याची भिंत आणि मास्टची बाजू हे तीन पृष्ठभाग एकमेकांशी काटकोनात आहेत. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण तीनदा आपटून आला त्याच दिशेनं परत जातो. म्हणून टॉर्च हलवला तरी चमक जात नाही. पट्टी आणि आरसा यांच्यात दोनच पृष्ठभाग आहेत, त्यामुळे नौका टॉर्चला बरोबर आडवी असतानाच ती चमकेल. पण मग टॉर्च वर-खाली केला तरी चमकत राहील. खऱ्या समुद्रातही उभी भिंत आणि पाणी मिळून हेच घडतं. भिंत कलती केली की काटकोन मोडतो आणि लहर भलतीकडे जाते. पट्टी आतल्या बाजूला दुमडा, मास्ट निमुळता करा. ठोकळा मात्र सरळ नौकेवर हलवा, फरक दिसू दे.

बारीक चकाकी फॉइलच्या सुरकुत्यांची. फॉइलऐवजी आरशासारखा गुळगुळीत चिकट कागद वापरा. टॉर्च आणि रडार यांची तुलना चालते का, असं कुणी विचारलं तर: जहाजावरच्या नेहमीच्या रडारची लहर साधारण ३ सेंटिमीटरची, नौका ७३ मीटरची. लहर नौकेपेक्षा खूप लहान, म्हणून उजेडासारखीच परावर्तित होते.

एक दुरुस्ती: ‘अदृश्य’ असा शब्द तक्त्यावर नको. रडारला नौका दिसतेच, फक्त फार जवळ आल्यावर आणि खऱ्यापेक्षा लहान.

प्रतिसाद २

किनाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर वेळेत आहे. बेटाआडून किंवा किनाऱ्यावरच्या ट्रकवरून क्षेपणास्त्र सुटलं तर नौकेला सावरायला फार थोडे क्षण मिळतात. उशिरा दिसणं हाच बचाव. बेटं, खडक, मच्छिमारी होड्या यांच्या गर्दीत लहान ठिपका मिसळूनही जातो. आणि रडार हा एकच शत्रू नाही. उथळ पाण्यात सुरुंग असतात, त्यातले काही पोलादाच्या चुंबकत्वावर फुटतात. कार्बन फायबरला ते नसतं. व्हिस्बीला पंख्यांऐवजी वॉटरजेट (पाण्याचा झोत मागे फेकून नौका ढकलणारी यंत्रं) आहेत, त्यानं पाण्याखालचा आवाजही कमी होतो. हे तिनं बोललंच पाहिजे, नाहीतर सगळे फक्त कलत्या भिंतींवर अडकतात.

भारतीय नौका म्हणून आयएनएस किल्तान घ्या. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेली, २०१७ साली नौदलात आली. डेकवरचं बांधकाम कार्बन फायबरचं आहे, आणि त्यामागे व्हिस्बी बांधणारी स्वीडिश कंपनी कॉकम्सच आहे. दोन्ही मॉडेल शेजारी ठेवायला याहून चांगलं कारण नाही. ती १०९ मीटरची आहे, तेव्हा प्रमाण एकच ठेवा.

मराठी मुलीला आयएनएस अर्नाळाही आवडेल, वसईजवळच्या किल्ल्याचं नाव. २०२५ साली दाखल झाली, ७७ मीटर, वॉटरजेटवाली. पण तिचं मुख्य काम उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणं, त्यामुळे या प्रयोगात ती मुख्य नको.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पट्टी दुमडली, आरशालगतची चमक गेली! मास्टचं काम आज रात्री. किल्तानचा बरोबर बाजूनं घेतलेला स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर इथे टाकाल का? भिंतींचा कल मोजायचा आहे.