कोचिंगची फी: व्यवसायाचा खर्च की व्यक्तिगत?

धागाकर्ती (वास्तुविशारद, पुणे):
आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये मी एका व्यवसाय-प्रशिक्षकाकडे बारा बैठकांचे कोचिंग घेतले आणि १ लाख २० हजार रुपये फी बँकेतून भरली. माझे सी.ए. म्हणतात की हा खर्च व्यक्तिगत ठरवला जाईल, तेव्हा वजावट (करपात्र उत्पन्नातून तो खर्च वगळणे) न मागितलेली बरी. मला हे पटत नाही. पहिल्याच बैठकीत माझी जुनी कोटेशने टेबलावर मांडायला लावून, आराखडा चौथ्यांदा बदलून दिला तरी मी त्याचे पैसे लावत नाही, यावर प्रशिक्षकांनी नेमके बोट ठेवले. आज माझ्या करारपत्रात दोन बदलांनंतर जादा शुल्काचे कलम आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३७(१) नुसार खर्च भांडवली किंवा व्यक्तिगत नसावा आणि तो संपूर्णपणे व केवळ व्यवसायासाठी झालेला असावा. मग यात व्यक्तिगत ते काय?

कर-सल्लागार, नाशिक:
आपल्या सी.ए.ची सावधगिरी अनाठायी नाही, कारण सगळी मेख ‘केवळ’ या शब्दात आहे. ज्येष्ठ वकील शांतिभूषण यांनी आपल्या हृदयशस्त्रक्रियेचा खर्च वकिलीचा खर्च म्हणून दाखवला होता; प्रकृती धड असल्याशिवाय वकिली होत नाही हे खरे असले, तरी दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती वजावट नाकारली. कोचिंगमधून आलेला आत्मविश्वासही माणूस कार्यालयात ठेवून घरी जात नाही. शिवाय आपण कलम ४४एडीए खाली, खर्चाचा तपशील न देता, व्यवसायाच्या एकूण जमेपैकी निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवत असाल, तर वेगळी वजावट मिळतच नाही.

नोकरदार, पिंपरी:
हेच कोचिंग मी पगारातून घेतले, तर नव्या करप्रणालीत सर्व नोकरदारांना सरसकट मिळणाऱ्या ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीपलीकडे मला काहीच मिळत नाही. हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

धागाकर्ती:
आपली तक्रार रास्त आहे, पण तिचे उत्तर माझी वजावट काढून घेणे हे नव्हे. मी ४४एडीए घेत नाही. माझी हिशेबपुस्तके आहेत आणि लेखापरीक्षणही होते. हृदय वकिलाला लागते तसे सर्वांनाच लागते, परंतु शुल्काचे कलम माझ्या व्यवसायाबाहेर कोणाच्याच उपयोगाचे नाही. सकाळ पेपर्स या वृत्तपत्र कंपनीच्या खटल्यात तर संचालकाच्या, कंपनीत प्रशिक्षणार्थी असलेल्या मुलीच्या अमेरिकेतील शिक्षणाचा खर्चही मुंबई उच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केला होता.

कर-सल्लागार, नाशिक:
तो मान्य झाला, कारण शिक्षणाचा कंपनीच्या कामाशी संबंध सिद्ध झाला होता. पुढे याच न्यायालयाने एका भागीदाराच्या मुलाच्या परदेशी शिक्षणाचा खर्च फेटाळला. आपल्या बिलावर कामाचे वर्णन काय आहे?

धागाकर्ती:
बिलावर फक्त ‘कोचिंग, बारा बैठका’ एवढेच आहे, मात्र प्रत्येक बैठकीची तारीखवार टिपणे माझ्याकडे आहेत. त्यांपैकी शेवटच्या दोन बैठका माझी झोप आणि घरच्या वेळापत्रकावर झाल्या, हे मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्यांचे २० हजार सोडून मी उरलेल्या १ लाखाची वजावट मागणार आहे.