टोकनमध्ये महिन्याला १२ टक्के, सरकार हे रोखू शकतं का?

नवीपेठकर:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कामगारांना व्हॉट्सॲपवर क्रिप्टो टोकनची, म्हणजे डिजिटल नाण्याची, स्कीम येतेय. ५० हजार भरा, महिन्याला १२ टक्के घ्या, माणूस जोडला की कमिशन वेगळं. वर सांगतात, "सरकार ३० टक्के टॅक्स घेतं, म्हणजे मान्यताच आहे." यावर कायदा चालतो का?

हिशेबनीस:
चालतो, पण टोकनवर नाही, पैसे गोळा करणाऱ्यावर. ३० टक्के कर १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर लागतो. टोकन खरं की खोटं, हे त्यात कुणी तपासत नाही. ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज (कॉइन विकत घ्यायची-विकायची ठिकाणं) मनी लाँडरिंग कायद्याखाली आले. एफआययूकडे (संशयास्पद पैशांवर नजर ठेवणारी केंद्राची संस्था) नोंदणी, केवायसी, संशयास्पद व्यवहार कळवणं, सगळं बंधनकारक. रुपयाचं कॉइन आणि कॉइनचा परत रुपया होतो तिथे सरकारचा हात असा पोचतो. युरोपात 'मायका' या क्रिप्टो नियमांनुसार टोकन लोकांना विकण्याआधी माहितीपत्रक काढावं लागतं. आपल्याकडे तशी सक्ती नाही, आणि फसवणारे नेमके तिथूनच घुसतात.

तुमच्या स्कीमला मात्र २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा लागू शकतो. परताव्याचं वचन देऊन पैसे घेतले की ती ठेव, मग नाव टोकन असो की भिशी. अशी ठेव घेतल्यास २ ते ७ वर्षं कैद. नुसता प्रचार करणाऱ्यालाही शिक्षा आहे, हे कमिशनसाठी माणसं जोडणाऱ्यांना आधी सांगा.

ब्लॉकवाचक:
टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता (ते टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा पत्ता) मागा आणि बीएससीस्कॅन किंवा इथरस्कॅन या क्रिप्टो व्यवहार उघड दाखवणाऱ्या साइटवर टाका. 'होल्डर्स'मध्ये (टोकन कुणाकडे किती, ती यादी) बहुतेक माल दोन-चार वॉलेटमध्ये (टोकन ठेवायच्या खात्यांत) दिसला, मालकाला हवी तेवढी नवी टोकन छापता येत असली किंवा लिक्विडिटी (टोकन विकता यावं म्हणून ठेवलेला पैसा) लॉक नसली, तर तो कधीही पैसे उचलून जाईल. काही कॉन्ट्रॅक्टमध्ये खरेदी होते, विक्री अडवलेली असते. म्हणून स्क्रीनवर वाढणारा भाव बघून फसू नका. पत्ताच देत नसतील, तर बहुधा टोकनच नाही, ॲपमधले नुसते आकडे आहेत.

नवीपेठकर:
आणि ज्यांनी भरलेत त्यांचं?

हिशेबनीस:
आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार टाका. पहिले काही तास फार मोलाचे. पैसे बँक खात्यात असेपर्यंत गोठवता येतात. यूपीआयचा यूटीआर (व्यवहार) नंबर, ट्रान्झॅक्शन हॅश (क्रिप्टो व्यवहाराचा क्रमांक), समोरचा वॉलेट पत्ता, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. ग्रुप सोडू नका, ॲप काढू नका. यूएसडीटीत (टेथर कंपनीचं डॉलरच्या भावाशी बांधलेलं कॉइन) पैसे गेले असतील तर हॅश जास्तच महत्त्वाचा, कारण टेथर कंपनी तो पत्ता गोठवू शकते. मग हे सगळं घेऊन सोलापूर पोलीस आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा, शक्यतो पाच-दहा जण मिळून. १९९९ च्या एमपीआयडी (महाराष्ट्राच्या ठेवीदार हितसंरक्षण) कायद्याखाली चालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते. "आणखी १० टक्के भरा, मग विड्रॉल मिळेल" असा मेसेज आला तर एक रुपयाही देऊ नका.