परदेशी मुलांना मराठी शिकवायचं, तर मंचाला ३३ टक्के का मोजावेत?

चौथा तास:
घरबसल्या परदेशातल्या मुलांना मराठी शिकवायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो प्रेप्लीवर, म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी जोडून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, खातं उघडण्याचा. माझ्या मते हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. विद्यार्थी शिक्षकाला पारखायला घेतो त्या पहिल्या, चाचणी तासाचे सगळे पैसे मंच ठेवतो, शिक्षकाला शून्य. पुढे पहिल्या २० तासांवर ३३ टक्के कापतात, ५० पर्यंत २८, २०० पर्यंत २५, ४०० पर्यंत २२ आणि त्यानंतर १८. तासाचा दर १० डॉलर धरा. विद्यार्थी चाचणीनंतर पाच तास घेऊन गळाला, तर सहा तास शिकवून हातात साडेतेहेतीस डॉलर. नवखे लोक तर दर ६ डॉलरवर आणतात आणि मग परवडत नाही म्हणून रडतात.

हातचा एक:
आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. टक्केवारी विद्यार्थ्यागणिक नव्याने सुरू होत नाही, शिक्षकाच्या एकूण तासांवर उतरते. चाचण्या सोडल्या तर ४०० तासांच्या ४,००० डॉलरमधून ९६५ जातात, म्हणजे २४ टक्के. अनोळखी देशात गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला एवढं द्यावंच लागतं. पैसे बुडतात ते वाया गेलेल्या चाचण्यांत. किती चाचण्यांमागे एक मूल टिकतं, ते वहीत लिहून ठेवा.
बरेचजण चाचणीत स्वतःची ओळख आणि मग अ-आ-इ-ई करत बसतात. तिकडे वाढलेल्या मुलांना मराठी समजतं, तोंडातून येत नाही. चित्र दाखवून ‘हा काय करतोय?’ विचारा. ‘माझा आई’ ऐकू आलं की लिंग कच्चं. ‘ळ’चा ‘ल’ होतोय का बघा. शेवटची पाच मिनिटं पालकांसाठी ठेवा आणि पुढच्या चार तासांत नेमकं काय घेणार ते सांगा.

वेलांटी:
तुम्ही दोघंही घड्याळ विसरलात. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन! शाळकरी मुलांसाठी उरतात शनिवार-रविवारच्या सकाळी. तिकडचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्याच दोन दिवसांत तिकडच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळाही भरतात. आठवड्याला आठ तास मिळाले तरी १८ टक्क्यांपर्यंत पोचायला ५० आठवडे लागतील, आणि आठ मिळणंच कठीण.
दुबई बघा. तिथले पाच म्हणजे आपले साडेसहा, तेही आठवडाभर. तिथले मराठी पालक ओळखीतून आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सापडतात, मंच लागतच नाही.

चौथा तास:
वेलांटीताई, माझंच म्हणणं मांडलंत!

हातचा एक:
इतकं सोपं नाही. मंच सोडला की त्याची कामं तुमच्या गळ्यात. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं, ब्रिटनमध्ये शेवटच्या. दोन्हीकडे विद्यार्थी असतील तर मधले दोन-तीन आठवडे हमखास घोळ. मंचाचं वेळापत्रक ते आपोआप सांभाळतं. झूमचा फुकट वर्ग ४० मिनिटांत तुटतो. एकास एक शिकवायचं तर गूगल मीट वापरा. शुल्क महिन्याचं आगाऊ घ्या आणि २४ तास आधी न कळवता बुडवलेला तास मोजला जाईल हे लेखी सांगा. नाहीतर वाढदिवस आणि फुटबॉल यांतच महिना संपतो.
आणि मंचावर सापडलेलं मूल गुपचूप बाहेर नेऊ नका. नियमात बसत नाही. खातं बंद झालं की जमवलेले अभिप्रायही गेले.

गृहपाठ:
जीएसटीचं काय? परदेशातून पैसे आले की लगेच नोंदणी करावी लागते म्हणतात.

वेलांटी:
नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर लागत नाही. बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला मात्र दर वेळी मागून ठेवा, वर्षाअखेरीस एकदम मागितला की खेटे पडतात. आयकर वेगळा, तो चुकत नाही.

चौथा तास:
हातचा साहेबांचा २४ तासांचा नियम मान्य. चाचणी फुकट करवून घेण्यावरचा आक्षेप तसाच आहे. दुबईच्या पालकांकडूनही पहिल्या तासाचे निम्मे तरी घ्यावेत.

हातचा एक:
निम्मे मागितलेत तर तिथेही आधी विचारतील, ‘शिकवून तर दाखवा.’