मदत हवी आहे: 'गेट' हे क्रियापद कसं समजावून सांगू?

नमस्कार मंडळी,

सध्या आत्याला इंग्रजी शिकवतेय. तिचं वाचन छान चाललंय, फक्त 'गेट'पाशी अडायला होतं.

'आय गॉट अ लेटर' म्हणजे मिळालं, 'आय गॉट होम' म्हणजे पोचले, 'इट गॉट डार्क' म्हणजे झालं. इथपर्यंत ठीक. पुढे नाम आहे, ठिकाण आहे की विशेषण, हे बघून अर्थ ठरवायची सवय तिला लागलीय. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि मुळात त्याचा अर्थ मिळवणं, हे ऐकून तिला हुरूपही आला. शिवाय आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, दिवे लागतात, पाऊस पडू लागतो आणि जावंही लागतं. त्यामुळे एकाच क्रियापदाला इतके अर्थ कसे, हे तिला विचारावंसं वाटत नाही.

घोडं अडलंय ते पुढे. 'आय गॉट द फॅन रिपेअर्ड' आणि 'आय गॉट हिम टू रिपेअर द फॅन'. मराठीत दोन्हीकडे दुरुस्त करून घेणंच. मी सांगितलं, 'गॉट'नंतर काम करणारा माणूस आला की 'टू', वस्तू आली की तिसरं रूप. तिने लगेच 'आय मेड हिम रिपेअर द फॅन' पुढे केलं. इथेही माणूसच आहे, मग 'टू' कुठे गेला? 'गेट'मध्ये मन वळवणं आहे आणि 'मेक'मध्ये भाग पाडणं, हा फरक मला पटतो. पण 'फोर्स'मध्येही भाग पाडणंच आहे की, आणि तिथे 'टू' लागतो! याला काही नियम आहे, की क्रियापदागणिक पाठच करायचं?

दुसरी अडचण ऐकण्यातली. 'आय गॉट टू सी हर' म्हणजे तिला भेटायची संधी मिळाली, आणि 'आय हॅव गॉट टू सी हर' म्हणजे भेटायलाच हवं. बोलताना 'हॅव'चा नुसता 'व्ह' उरतो, कित्येकदा तोही गळतो. अशा वेळी मागचापुढचा संदर्भ सोडून दुसरी काही खूण असते का?

'गेट अप', 'गेट ओव्हर' वगैरेंच्या याद्या नकोत, त्या भरपूर आहेत. मोठ्या वयाच्या माणसांना कुणी हे शिकवलं असेल तर कोणत्या क्रमाने शिकवलंत, ते जरूर लिहा. व्याकरणाच्या जड संज्ञा टाळल्यात तर तुमचा प्रतिसाद तिला तसाच वाचून दाखवता येईल.