शटडाउन टाइमआउट: आधी गेस्ट एजंट तपासा
प्रॉक्समॉक्सवर (एकाच मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी प्रणाली) व्हीएम वेळेत बंद होत नाही, आणि 'स्टार्ट/शटडाउन ऑर्डर'मध्ये टाइमआउट 180 वरून 600 सेकंद केला तरी फरक पडला नाही, असा प्रश्न आलाय. पडणारच नाही. एचएमध्ये (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे एक मशीन बंद पडलं तर व्हीएम दुसऱ्यावर सुरू करणारी सोय) घेतलेल्या व्हीएम त्या क्रमातून वगळल्या जातात, त्यांचं चालू-बंद एचए मॅनेजरच बघतो.

माझ्या मते खरी गोम गेस्ट एजंटमध्ये (व्हीएमच्या आत चालून प्रॉक्समॉक्सच्या आज्ञा ऐकणारा छोटा प्रोग्राम) असावी. व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये 'क्यूईएमयू गेस्ट एजंट' चालू आणि व्हीएमच्या आत तो इन्स्टॉलच नाही, असं असेल तर शटडाउनची आज्ञा ऐकायला कोणीच नसतं. टाइमआउट संपेपर्यंत नुसती वाट बघणं. मी यात अख्खी रात्र घालवली आहे, म्हणून कळकळीनं सांगतोय. होस्टवरून (ज्या मशीनवर प्रॉक्समॉक्स चालतं) 'क्यूएम एजंट' आणि व्हीएमचा आयडी देऊन 'पिंग' करा. एरर आली, तर आत एजंट इन्स्टॉल करून सुरू करा.

एजंट ठीक असेल, तर लिनक्स गेस्टमध्ये (व्हीएमच्या आतल्या लिनक्समध्ये) मागच्या बूटचा जर्नल, म्हणजे सिस्टमच्या नोंदी, बघा आणि बंद होताना कोणती सर्व्हिस अडली ते शोधा. अडलेल्या सर्व्हिसची सिस्टमडी (लिनक्समधल्या सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) डिफॉल्टनं 90 सेकंद वाट बघतो.