सिगारेट सुटली, पण...

हल्लीची मुलं पूर्वीपेक्षा जास्त बिघडलीत असं बरेच जण म्हणतात. आकडे इतकं सरळ सांगत नाहीत. अमेरिकेत सीडीसी ही सरकारी संस्था १९९१पासून साधारण दर दोन वर्षांनी नववी ते बारावीच्या मुलांचं निनावी सर्वेक्षण करते. १९९७मध्ये ३६ टक्के मुलांनी गेल्या ३० दिवसांत सिगारेट ओढल्याचं सांगितलं होतं. २०१९मध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. खूश व्हायच्या आत शेजारचा रकाना बघा: त्याच वर्षी ई-सिगारेटवाले जवळपास ३३ टक्के! निकोटिन तेच, फक्त धुराचा वास गेला. त्यामुळे घरी पत्ताही लागत नाही.

(मुलं खरं लिहितात का? काही दडवणार, काही फुशारकी मारणार. पण बरेच प्रश्न दर वेळी तेच असल्यामुळे कल तरी कळतो.)

मला जास्त खटकते ती झोप. या वयात ८ ते १० तास लागते, आणि त्या सर्वेक्षणात चारातल्या तिघांना शाळेच्या दिवशी ८ तासही मिळत नाही. सगळा दोष मोबाइलचा नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, म्हणजे झोपच उशिरा येते; शाळेची घंटा मात्र सकाळीच. आणि सिगारेटवर तासभर भाषण देणारे आपण, मुलांचं अभ्यासाचं जागरण कौतुकाने सांगत फिरतो.